विटाळ मोजणारे यंत्र कुणाच्या हातात?

पाण्याचा विटाळ ठरवण्याची या देशाची रीत फार जुनी आहे. तिला प्रयोगशाळा लागत नव्हती, रसायन लागत नव्हते. पाण्याला हात लावणारा कोणत्या घरात जन्मला एवढे कळले की निकाल तयार! २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर तळे बाटले असे सनातन्यांनी ठरवले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, ते माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! त्या पाण्यावरचा आपला हक्क न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

माणसाच्या हाताने पाणी बाटत नाही. शिशाने, पाऱ्याने, कॅडमियमने, क्रोमियमने मात्र नक्की बाटते. हा विटाळ खरा आहे, मोजता येणारा आहे आणि जीव घेणारा आहे. पण खोट्या विटाळाचा गावोगाव पहारा ठेवणाऱ्या या समाजाने खऱ्या विटाळाचा पहारा कुठेच बसवला नाही. आता विज्ञानाने त्यासाठी एक नवे साधन पुढे आणले आहे. त्याचे नाव ग्राफीनचा संवेदक, म्हणजे सेन्सर. हे साधन काय आहे, ते कशासाठी हवे आणि ते कुणाच्या हातात असावे, याचा विचार चळवळीच्या वाचकांनी करणे गरजेचे आहे. हा विचार आम्ही मावळच्या नद्यांच्या काठावर उभे राहून करणार आहोत. कारण पाणी कुठून कुठे जाते आणि त्यासोबत काय जाते, हे मावळात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहू, मोशी, आळंदी करीत ती तुळापूरला भीमेला मिळते. दक्षिणेला पवना आहे. पवना धरणाचे पाणी नदीतून रावेतपर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे शंभर वर्षांपूर्वी टाटांनी धरणे बांधली. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज दिली गेली. पाऊस मावळचा, जमीन मावळची, पण पाणी कधी पूर्वेच्या शहराला तर कधी पश्चिमेच्या गिरण्यांना. पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करण्यासाठी मावळचा शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्यात एक महिला होती. पाणी कुणाचे, हा प्रश्न मावळने रक्त सांडून विचारलेला आहे. पाण्यात काय आहे, हा त्याच्याच पुढचा प्रश्न आहे.

याच मावळच्या डोंगरात भाजे, बेडसे आणि कार्ले येथील बौद्ध लेणी आहेत. पर्यटक तेथील चैत्यगृहाचे फोटो काढतो आणि परत फिरतो. शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी त्याच्या नजरेत येत नाहीत. ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. भाज्याच्या एका लेखात महारठी विण्हुदत्त याने पोढी दान दिल्याची नोंद आहे, तर बेडशाला अशाच एका टाक्याचे दान एका महारठिनीने दिले. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचे टाके हे धम्मदान होते. भिक्खूसाठी आणि वाटसरूसाठी स्वच्छ पाणी राखणे ही समाजाची जबाबदारी मानली जात होती. पुढे वर्णव्यवस्थेने पाणवठेच वाटून टाकले. नदीवर वरचा घाट वरच्यांचा झाला आणि खालचा घाट खालच्यांचा. वरचे धुतील, खंगाळतील, सांडतील आणि ते खालच्यांनी प्यावे, हा नियम कोणत्याही धर्मग्रंथाइतकाच कडक पाळला गेला. वस्तीही तशीच. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या उताराला, जेथे गावाची घाण आपोआप वाहत येते तेथे.

आज घाटावरची पाटी गेली आहे, पण उतार तोच आहे. लोणावळ्याच्या हॉटेलांचे आणि बंगल्यांचे सांडपाणी खाली येते. तळेगावची औद्योगिक वसाहत, नवलाख उंबरे आणि टाकव्याकडचे कारखाने, पुढे चाकण आणि पिंपरी-चिंचवड असा सगळा उद्योगपट्टा याच दोन नद्यांच्या खोऱ्यात आहे. नदीकाठी भाजी लावणारा शेतमजूर, नदीतले मासे आणि खेकडे पकडून खाणारा कातकरी, भंगार फोडणारा मजूर, नाल्यात उतरणारा सफाई कामगार आणि नळ नाही म्हणून विहिरीवर जाणारी वस्तीतील बाई ही या खोऱ्यातील 'खालची' माणसे आहेत. वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत पाणी गाळणारे यंत्र भिंतीवर टांगलेले असते. वस्तीत मात्र हंड्यावर फडके बांधलेले असते. फडक्यातून गाळ अडतो, शिसे अडत नाही.

येथे कुणी म्हणेल की नदीचे प्रदूषण सरकार मोजतेच आहे की! मोजते, पण काय मोजते ते पाहा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याला जो गुणवत्ता निर्देशांक देते, तो चार गोष्टींवर उभा आहे. पाण्याचा सामू, त्यात विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायूची मागणी आणि विष्ठेतून येणारे जिवाणू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातील ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते आणि इंद्रायणी व पवना या दोन्ही नद्या त्यात होत्या. ती यादीही जैविक प्राणवायूच्या मागणीवरच आधारलेली होती. म्हणजे नदीला 'चांगली', 'वाईट' असा शिक्का मारताना जो हिशेब होतो, त्यात शिसे नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. मैलापाणी थोडे कमी झाले तर नदी कागदावर सुधारेल आणि त्याच पाण्यात धातू असले तरी शिक्का बदलणार नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आला की छायाचित्रे छापून येतात, मंत्र्यांना प्रश्न विचारले जातात. फेस डोळ्याला दिसतो म्हणून तो बातमी होतो. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते बातमी होत नाही.

गावपातळीवर काय होते तेही पाहू. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. त्यात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी वापरायला शिकवण्याची तरतूद आली. ही चांगली गोष्ट आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो, ब्लिचिंग पावडर टाकतो. सर्वेक्षणानुसार गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पण त्या पेटीत सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा, उरलेला क्लोरीन अशा गोष्टी तपासता येतात. शिसे, कॅडमियम, पारा तपासण्याची सोय त्यात नसते. हिरवे कार्ड मिळालेल्या गावाला आपले पाणी सर्व दृष्टीने निर्धोक आहे असे वाटते, आणि त्या कार्डाने धातूंबद्दल एक शब्दही उच्चारलेला नसतो.

जड धातूंचे वैशिष्ट्य असे की त्यांच्यापुढे गरिबाचे सगळे उपाय निकामी ठरतात. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण धातू मरत नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि धातू भांड्यात राहतो. ब्लिचिंग पावडर त्याचे काही करू शकत नाही. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते, मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. लहान मुलासाठी शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंतेच्या पातळीवर किंवा त्याहून अधिक होते आणि भारतात अशा मुलांची संख्या सुमारे २७ कोटी ५० लाख होती. हे शिसे केवळ पाण्यातून येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, रंग, भेसळीचे मसाले, भांडी यांतूनही येते. पण ज्या मुलाला ते चारी बाजूंनी गाठते, ते मूल कोणत्या वस्तीत राहते हे सांगायला अहवाल लागत नाही. शाळेत ते मूल मागे पडले की मास्तर म्हणतात, याच्या डोक्यातच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले हे वाक्य! डोक्यात काय नाही हे सांगणारे पुष्कळ भेटले. डोक्यात काय घातले गेले, हे तपासणारा कुणी भेटला नाही.

जपानचा इतिहास डोळ्यांसमोर आहे. मिनामाता उपसागराच्या काठी कारखान्याने सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून कोळ्यांच्या पोटात गेला. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यातून कॅडमियम भातशेतीत उतरले आणि बायकांची हाडे साध्या हालचालीने मोडू लागली. आजाराचे नावच 'इताई-इताई' पडले, म्हणजे 'दुखते, दुखते'. तो प्रदूषणाचा आजार आहे हे सरकारने १९६८ साली मान्य केले. दोन्हीकडे आधी माणसे आजारी पडली आणि मग पाण्याकडे बोट गेले. माणसाच्या शरीराचा सेन्सर म्हणून वापर झाला. गरीब कोळी आणि शेतकरीण यांची शरीरे ही त्या देशाची मोजयंत्रे ठरली. आमच्या माणसांनी हे काम पुष्कळ केले आहे. पुढे त्यांनी ते करू नये, एवढ्याचसाठी आम्हाला नव्या यंत्राचे महत्त्व वाटते.

मोजणे अवघड का आहे, ते आकड्यांवरून कळेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून १०० मिलिग्रॅम शिसे असले की मर्यादा गाठली. हे वजन तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढे. पाऱ्याच्या बाबतीत तर अर्धा दाणाही पुरे. एवढे सूक्ष्म प्रमाण पकडायला आजवर मोठ्या प्रयोगशाळेतील लाखो-कोटी रुपयांची यंत्रे लागत. नमुना विशिष्ट बाटलीत घ्यायचा, धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून त्यात आम्ल टाकायचे, तो शहरात पाठवायचा आणि अहवालाची वाट पाहायची. रात्री सोडलेले पाणी सकाळपर्यंत भीमेला मिळालेले असते. अहवाल येतो तो गेलेल्या पाण्याचा.

ग्राफीनचा सेन्सर येथे उपयोगी पडतो. आपण ज्या पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात शिसे नसतेच. असतो तो ग्राफाइट, म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले थर. त्यातील एकच, एका अणूच्या जाडीचा थर सुटा केला की ते ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत हा थर वेगळा केला. त्यासाठी त्यांना २०१० साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. साध्या कागदाच्या जाडीत असे सुमारे ३ लाख थर बसतील. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण उलगडून पसरले तर हिशेबाने २६ गुंठे जमीन झाकेल. आणि या थरातून वीज उत्तम वाहते. सगळा थर म्हणजे केवळ पृष्ठभाग. त्यामुळे त्यावर धातूचे थोडेसे कण येऊन बसले तरी विजेच्या प्रवाहात फरक पडतो आणि तो फरक मोजता येतो.

हे काम दोन रीतींनी होते. एका रीतीत ग्राफीनवर असे रेणू बसवतात की ते ठरावीक धातूलाच धरून ठेवतील. शिशासाठी वेगळे, पाऱ्यासाठी वेगळे. धातू धरला गेला की प्रवाह बदलतो. दुसऱ्या रीतीत पाण्यात बुडवलेल्या ग्राफीनच्या पट्टीला विजेचा उणे दाब देतात. पाण्यातील धातू पट्टीवर येऊन जमा होतात. मग दाब हळूहळू बदलत नेला की एकेक धातू आपापल्या ठरलेल्या दाबाला पट्टी सोडतो. लोणावळा-पुणे लोकलमध्ये मळवलीचा माणूस मळवलीला उतरतो, कामशेतचा कामशेतला, देहूरोडचा देहूरोडला, तसेच हे. कॅडमियम आधी उतरते, शिसे नंतर. कोणत्या स्टेशनावर उतरला यावरून धातूची ओळख पटते आणि किती उतरले यावरून प्रमाण कळते. मधुमेही माणूस घरी साखर तपासतो त्या पट्टीसारखी पट्टी आणि हातात मावणारे यंत्र, एवढ्यावर हे काम आणण्याची खटपट जगभर चालू आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठ आणि अर्गॉन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी वाहत्या पाण्यातील शिसे, पारा आणि जिवाणू एकाच वेळी टिपणारे ग्राफीनचे सेन्सर २०२३ साली जगापुढे मांडले.

हे साधन म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पावसाळ्यात इंद्रायणीचे पाणी लाल होऊन वाहते, तेव्हा गाळ आणि कुजलेला पालापाचोळा पट्टीवर चढतो आणि आकडा चुकू शकतो. तांबे जास्त असेल तर शिशाच्या मोजणीत घोळ होतो. यंत्र वेळोवेळी प्रमाणित पाण्यावर तपासून घ्यावे लागते. प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात उत्तम चालणारे यंत्र नदीवर तसेच चालेल याची खात्री नदीवरच करून घ्यावी लागते. म्हणून सेन्सरने इशारा द्यावा आणि मोठ्या प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब करावे, अशी जोडी लागेल. पण इशाराच नसेल तर शिक्कामोर्तब कशावर करणार?

यातील ज्ञान आपल्यापासून फार लांब नाही. लोणावळ्याहून दीड-दोन तासांवर पुण्याच्या पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिच्या परिसरातच इलेक्ट्रॉनिक्सच्या सामग्रीवर संशोधन करणारी सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. याच सी-मेटच्या त्रिशूर केंद्राच्या सहभागातून केरळात कोचीला ग्राफीनचे राष्ट्रीय नवोन्मेष केंद्र उभे राहिले आणि टाटा स्टील त्यात भागीदार आहे. या संस्था जनतेच्या पैशावर चालतात. काडेपेटी घेताना कर भरणाऱ्या बाईचा त्यात वाटा आहे. मग या संस्थांनी आपली नदीवरची परीक्षा मावळात का देऊ नये? संशोधनाचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला म्हणजे काम झाले, असे मानणारा वर्ग येथे मोठा आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते आणि दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व जलवाहतूक आयोग यांची पायाभरणी त्यांच्याच काळात झाली. त्यांना तंत्रज्ञानाचे वावडे नव्हते. तंत्रज्ञानाचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत जातो की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. आमचाही तोच आहे.

कारण यंत्र आले म्हणजे न्याय आला, असे होत नाही. केंद्रीय मंडळाने २०१४ साली अति प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर चोवीस तास चालणारी मोजयंत्रे बसवायला सांगितले. यंत्र कारखान्याचे, जागा कारखान्याची, देखभाल कारखान्याची. आरोपीनेच पंचनामा लिहायचा, त्यातला प्रकार! ग्राफीनचा सेन्सरही उद्या कारखान्याच्या दाराआड बसवला गेला आणि त्याचे आकडे संगणकाच्या पडद्यावर साहेबांनीच पाहिले, तर वस्तीच्या हंड्यात काहीही फरक पडणार नाही.

अमेरिकेतील फ्लिंट शहराची गोष्ट यासाठी ध्यानात ठेवावी. हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे आणि गरिबांचे शहर. लोकांनी निवडलेल्या नगरपरिषदेचे अधिकार काढून राज्याने आपला प्रशासक बसवला होता. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये शहराचे पाणी बदलून फ्लिंट नदीचे पाणी सुरू केले गेले. ते पाणी जुन्या नळांतील शिसे सोडवू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने यंत्राचे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणे बंद केले. कंपनीच्या लोखंडाला जे पाणी चालले नाही, ते काळ्या माणसांच्या लेकरांना आणखी वर्षभर पाजले गेले! आया बाटल्यांत पाणी भरून सभांना गेल्या, तर अधिकारी म्हणाले पाणी सुरक्षित आहे. अखेर रहिवाशांनी घरोघर जाऊन स्वतः नमुने गोळा केले, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ते तपासले, मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातील शिशाची आकडेवारी २०१५ साली जाहीर केली. तेव्हा कुठे सरकार हलले. पुरावा लोकांनी गोळा केला म्हणून सत्य बाहेर आले. दलित पँथरने कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नाते सांगितले होते. फ्लिंटचा धडा हा त्याच नात्याचा भाग आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा की अडाणी माणसांच्या हाती यंत्र दिले तर अफवा पसरतील. हा आक्षेप नवा नाही. ज्यांच्या हाती पुस्तक देऊ नये असे सांगितले जात होते, त्यांनीच या देशाला संविधान दिले. साखर तपासणारी पट्टी खेड्यातील म्हातारी वापरते, आशाताई तापाच्या पट्टीवर मलेरिया ओळखते, तर पाण्याची पट्टी वस्तीतील शिकलेली मुलगी का वापरू शकणार नाही? अफवा पसरतात त्या माहिती दडवल्याने. दुसरा आक्षेप असा की असे आकडे बाहेर आले तर कारखाने जातील आणि आपल्याच पोरांचा रोजगार बुडेल. आमच्या पोरांना रोजगार हवा आहे. पण धातूला मुलामा देणाऱ्या हौदावर हातमोज्याशिवाय उभा राहणारा कंत्राटी कामगार हाच या विषाचा पहिला बळी असतो आणि नदी त्यानंतरची. सांडपाण्यातून धातू वेगळे काढण्याचे तंत्र जुने आहे, उपलब्ध आहे. त्याचा खर्च टाळायचा आणि तो कामगाराच्या मूत्रपिंडावर टाकायचा, याला उद्योग म्हणत नाहीत.

मग मागणी काय असावी? मोघम मागणीला मोघम आश्वासन मिळते, म्हणून ती नेमकी हवी.

पहिली गोष्ट, इंद्रायणी आणि पवनेवर लोणावळ्यापासून देहूपर्यंत आणि पवनानगरपासून रावेतपर्यंत ठरावीक ठिकाणी जड धातूंची नियमित तपासणी व्हावी आणि ती नदीच्या गुणवत्ता निर्देशांकात मोजली जावी. दुसरी गोष्ट, पाषाणच्या संस्थांनी ग्राफीन सेन्सरची प्रत्यक्ष परीक्षा या नद्यांवर आणि काठावरच्या वस्त्यांच्या विहिरींवर घ्यावी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही. तिसरी गोष्ट, ज्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवले जाते, त्यांच्या पेटीत हे साधन यावे आणि त्यांना त्या कामाचा मोबदला मिळावा. त्यात दलित आणि आदिवासी वस्तीतील महिला असल्याच पाहिजेत. चौथी गोष्ट, आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावा आणि मर्यादा ओलांडली असेल तर प्रयोगशाळेचा पक्का निकाल येईपर्यंत वस्तीला दुसरे पाणी मिळावे. पाचवी गोष्ट, नदीच्या पाण्यासोबत नळही तपासावेत, कारण जुन्या पीव्हीसी नळांतही शिशाचा वापर होत असे. त्याला आवर घालणारे नियम केंद्राने २०२१ साली केले, पण त्याआधी जमिनीत गेलेले नळ अजून जमिनीतच आहेत.

कायद्याची बाजूही ओळखून असावे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना घेण्याची पद्धत ठरवून दिली आहे. कारखान्याला नोटीस, नमुन्याचे भाग, मोहोर आणि सही. मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुनाही या पद्धतीने घेतलेला नसेल तर न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. तेव्हा वस्तीतील सेन्सरचा आकडा दाखवून लगेच कुणाला शिक्षा होईल या भ्रमात राहू नये. त्या आकड्याचे काम वेगळे आहे. तारीख, वेळ, जागा आणि आकडा यांची वही ठेवली की मंडळाला 'तक्रारीत तथ्य नाही' असे बसल्या जागी लिहिता येत नाही. त्याला नदीवर यावे लागते. त्याने काय केले हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते. त्यानेही भागले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात म्हटले आहे. हक्क कागदावर आहे. वही आपल्याला लिहायची आहे.

आणि केवळ इशारा लावून जबाबदारी संपत नाही, याचा दाखला मावळातच आहे. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल धोकादायक आहे हे माहीत होते, तशी पाटीही होती. १५ जून २०२५ रोजी तो कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. धोका माहीत असणे आणि धोका दूर करणे यांत जे अंतर आहे, ते अंतर यंत्र तोडत नाही. ते संघटित माणसे तोडतात. पुलाला पाटी तरी होती. शिशाला पाटीही नाही. आधी पाटी लावून घ्यायची आणि मग ती लावणाऱ्याला स्वस्थ बसू द्यायचे नाही, असे हे दुहेरी काम आहे.

इंद्रायणीच्या काठावरील देहूत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडवायला लावल्या गेल्या, असे परंपरा सांगते. त्याच तुकोबांची वचने बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या शिरोभागी घेतली. शेजारच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी तेथे हजारो लोक येतात, वंदना घेतात आणि परत जातात. त्या हजारांपैकी काही शिकलेल्या मुलामुलींनी, रसायनशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी, आपल्या तालुक्याच्या नदीची वही लिहायला घ्यावी. आपल्या समाजातील कितीतरी मुले आज अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. त्यांच्यापुढे हा खरा विषय आहे.

तोपर्यंत प्रत्येक वाचकाला करता येण्याजोगे एक काम आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गावात ग्रामसभा भरते. पुढच्या ग्रामसभेला जा आणि उभे राहून एकच प्रश्न विचारा. आमच्या वस्तीच्या पाण्यातील शिसे, कॅडमियम आणि पारा शेवटचा कधी तपासला, आणि आकडा किती आला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तपासलेच नसेल तर तेही लिहून घ्या, सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घ्या आणि ती प्रत मंडळाकडे पाठवा. चवदार तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क मिळवला. त्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क त्याच्याच मागोमाग येतो.